सख्खी

अकोला, २० नोव्हेंबर २०२४

ताई,

आज मतदानाची सुट्टी आहे. बोटाला शाई लावून आले आणि लिहायला बसले. फोनवर मला कळत नाही की तुझं बोलणं संपलं आहे, की तू फक्त दम घेते आहेस. मग मी मध्येच बोलते आणि तू चिडतेस. पत्रात तसं होत नाही.

काल तू म्हणालीस, "एका दिवसासाठी माणसासारखं वागता आलं नाही का तुले? माह्या पोरीचा साखरपुडा होता." मी न जेवता निघाले, ते तुला लागलं. भाऊजींच्या बहिणीनं म्हणे विचारलं, तुमची शालू रुसली काय. तिला सांग, डोकं दुखत होतं. हॉलमध्ये डीजे होता, दारात अत्तराचा फवारा होता आणि सगळे एकदम बोलत होते.

तू सांगितलेलं सगळं मी केलं होतं. तूच निवडलेली जांभळी साडी नेसले. कुणी "काय म्हणता" म्हटलं की "मजेत" म्हणाले. माझ्या लॅबमधल्या बियाण्यांबद्दल एक शब्द काढला नाही. सगळे हसले की हसले, कधी थोडी मागे राहिले असेन. लग्न का केलं नाही असं बायकांनी विचारलं, तेव्हा "योग नव्हता" हे तुझंच उत्तर दिलं. तरी जेवणाच्या आधी तू मला आतल्या खोलीत ओटीच्या सामानाजवळ बसवलंस आणि म्हणालीस, "इथंच थांब, सामानावर लक्ष ठेव." दाराला बाहेरून कडी होती. सामानाला राखणदार नको होता, एवढं मलाही कळतं. मला राग आला नाही. तिथं आवाज कमी होता.

एक विचारायचं आहे. मी झाले त्या दिवसाची गोष्ट तू मला लहानपणी सांगायचीस. आईला नांदगावहून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तू मामीकडे रडत राहिलीस, आणि बाबा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात पेढ्याचा पुडा होता अन् मागे जीपमध्ये आईच्या मांडीवर मी. ती गोष्ट खरी आहे ना? हो की नाही, एवढंच कळव.

आचलला सांग, ती छान दिसत होती. हे मी तिला सांगायला विसरले.

तुझी,
शालू


अकोला, ८ डिसेंबर २०२४

ताई,

तुझा मेसेज मिळाला. "खरीच आहे ती गोष्ट. असं काहून विचारून राहिली? गोळ्या घेते ना?"

याला गोळी नसते, ताई. नागपूरच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितलं, त्याच दिवशी मी तुला फोन केला होता. हा आजार नाही, जन्मापासून डोक्याची घडणच अशी आहे, त्याला ऑटिझम म्हणतात, असं सगळं सांगितलं होतं. मला वाटलं फोन कटला. मग तुझं पहिलं वाक्य आलं, "कोणाले सांगू नको. आचलसाठी पाहून राहिलो आमी."

मी कुणाला सांगितलं नाही.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. स्वतःत मग्न व्हायला मला सवड कधी मिळाली? चाळीशी आली, मी दुसऱ्यांचीच तोंडं पाहत बसले आहे. आता हसायचं का, आता उठायचं का, ही थांबली म्हणजे आता मी बोलायचं का. लॅबमध्ये मी अंकुर पाहते. रुजलेलं बी रुजलेलं दिसतं, मेलेलं मेलेलं. माणसांचं तसं नसतं.

ती गोष्ट खरी आहे हे तू लिहून कळवलंस, ते बरं झालं. आता साखरपुड्याचं खरं ऐक. डोकं दुखत होतं, पण मी त्यामुळे गेले नाही.

तू कडी लावून गेलीस, त्यानंतर थोड्या वेळानं ती कडी कुणीतरी काढली. आचलच्या होणाऱ्या नवऱ्याची, नितेशची आजी होती, केशरबाई. "बाहीर लय गलबला हाय माय, कान बसले माह्ये," म्हणत ती गादीवर पाय पसरून बसली. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती, म्हणून मलाही तिच्याकडे पाहावं लागलं नाही. मला ती आवडली. तिनं विचारलं, "तू बियान्याच्या कंपनीत हाय म्हणते. औंदा आमचं सोयाबीन काहून नाई निंघालं?" तुझी मनाई होती, पण विचारलं तिनं होतं, म्हणून मी सांगितलं. घरचं बी पोत्यात दाबून ठेवलं की त्याचं साल फुटतं, वगैरे. ती ऐकत होती. ताई, माणूस ऐकतोय की ऐकल्यासारखं करतोय हे मला सहसा ओळखता येत नाही. पण तिनं मध्ये प्रश्न विचारले.

मग ती म्हणाली, "आता एक मी इचारू? राग नोको धरू. तू दत्तक हायेस ना वो?"

मी म्हटलं, "कोण?"

"तूच. बोलनी झाली तवा तुह्या बहिनीनं, आशाबाईनं सांगतलं आमाले. म्हणे, धाकटी जराशीक येगळी हाय, पन ते काई आमच्या रक्ताची नाई, बाबानं नात्यातली आनून वाढवली. अन् माह्यं माहेर नांदगावचं. तिकडचे म्हणते, भगवंतराव मास्तरले दोन पोरी, दोनी सख्ख्या. मंग मी म्हटलं, तिलेच इचारावं. लोक म्हणते तुले खोटं बोलता येत नाई."

उघड्या दारातून समोर आचल दिसत होती. तू तिच्या मागे उभी राहून तिचा पदर सारखा करत होतीस. माझा विचार सावकाश चालतो, तुला माहीत आहे. तेवढ्यात मी इतकाच विचार केला, की मी "नाही" म्हटलं तर तू खोटी पडशील आणि ते समोरचं सगळं थांबेल.

मी म्हटलं, "हो. मी दत्तक आहे."

भाजी बिघडली असली तरी चांगली झाली म्हणायचं, पाहुणे निघाले की बसा म्हणायचं, हे तू मला किती वर्षं शिकवलंस. कधी जमलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. आवाज हलला नाही, मान खाली गेली नाही. केशरबाईनं माझ्याकडे पाहिलं, "बरं माय" म्हणाली आणि उठून गेली. मग मी चपला शोधल्या आणि ऑटोनं स्टँडवर आले.

आई नाही, बाबा नाहीत. मी त्या घरात जन्मले हे डोळ्यांनी पाहिलेली तू एकटी उरली होतीस. तूच असं का सांगितलंस? मला वाटतं बोलणी अडली असतील, त्यांनी काही विचारलं असेल, तू घाबरली असशील आणि तोंडातून निघून गेलं असेल. तसंच आहे ना?

शालू


अकोला, १९ जानेवारी २०२५

ताई,

आचल माझ्याकडे आहे आणि बरी आहे. कालच मेसेज केला होता. तुझे आणि भाऊजींचे इतके फोन आले की तिनं फोन बंद करून उशीखाली ठेवला आहे. उद्या सकाळच्या बसनं ती अमरावतीला येईल.

मी तिला बोलावलं नव्हतं. काल ऑफिसात हळदीकुंकू होतं. आमच्या लॅबच्या बायका आणि पॅकिंगच्या बायका, दरवर्षी असतं. मी गेले तर सगळ्या काळ्या साड्यांत आणि मी पिवळ्या कुडत्यात. मी विचारलं, काळं नेसायचं ठरलं होतं का? शीतल म्हणाली, "अगं, ग्रुपवर ठरलं." मी म्हटलं, मी ग्रुपवर आहे, तिथं काही आलं नाही. मग कळलं की दुसरा ग्रुप आहे. "तुला आवडत नाही ना असलं काही, म्हणून तुला त्रास नको म्हटलं." चिखलदऱ्याची सहलही तिथंच ठरली, परतवाड्याच्या चहाचे फोटोही तिथंच आले. मला काय आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, विचारायला मात्र कुणी आलं नाही. मी वाण घेतलं. मी जवळ गेले की त्या थांबत होत्या आणि मी दूर गेले की पुन्हा सुरू होत होत्या. मी घरी आले.

जिन्यात आचल बसली होती, मांडीवर बॅग घेऊन.

"मावशी, बसमध्ये बाजूच्या काकू मूर्तिजापूरपर्यंत बोलत होत्या," ती म्हणाली. "हसून हसून गाल दुखून राहिले माह्ये."

मी तिला वरण-भात वाढला. आम्ही दोघी काही न बोलता जेवलो. मला ते बरं वाटलं, आणि तिलाही वाटत असावं, कारण तिनं दुसऱ्यांदा भात घेतला. भांडी झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, नागपूरच्या डॉक्टरनं तुम्हाले काय काय विचारलं होतं?"

माझ्या डॉक्टरांचं तू भाऊजींना सांगत होतीस ते तिनं ऐकलं होतं. मी जसं झालं तसं सांगितलं. गर्दीतून आल्यावर अंधारात पडून राहावंसं वाटतं का, असं विचारलं. कुणाला भेटायच्या आधी काय बोलायचं ते पाठ करता का. लहानपणी मैत्रिणी होत्या का, की एखादीच होती आणि ती गेली. कपड्यांची शिवण टोचते का. आचल हाताच्या बोटांकडे पाहत बसली होती. शेवटी म्हणाली, "हे तर सगळं माह्यंच आहे."

मग म्हणाली, "पण असं कसं होईल? तुम्ही तर दत्तक आहात."

तिला हे साखरपुड्याच्या वेळी कळलेलं नाही, ताई. तिला ते आठवीपासून माहीत आहे.

तिनं सांगितलं ते तसंच लिहिते. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचाच्या गटातून पोरींनी तिला काढलं. ती घरी येऊन रडत म्हणाली, मम्मी, मी शालूमावशीसारखी आहे का? आणि तू तिला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "नाई रे राजा. मावशी आपल्या रक्ताचीच नाई. आजोबांनी आणली होती तिले. तू कशी होशीन तिच्यासारखी?" मग राजकमल चौकात नेऊन तू तिला आइस्क्रीम खाऊ घातलंस. ती म्हणते, त्या दिवशी तिला खूप हलकं वाटलं होतं. आणि नंतर जेव्हा जेव्हा तिचं कुठं जमलं नाही, तेव्हा तिला वाटलं की आपण मावशीसारख्या तर नाही, मग आपण नुसत्याच वाईट आहोत.

मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, तू घाबरलीस, तोंडातून निघून गेलं. तेवढ्या समजुतीवर मला महिनाभर झोप लागली. आता ते राहिलं नाही. इतकी वर्षं दर दिवाळीला मी तुझ्याकडे येत होते. आचल मला "तुम्ही" म्हणायची, उठून पाणी आणून द्यायची, मला वाटायचं किती वळण लावलं आहेस. ती पाहुणीला पाणी देत होती.

तिनं सरळ विचारलं, "तुम्ही दत्तक आहात ना?" एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले होते. या वेळी मला ते जमवावंसंच वाटलं नाही. मी म्हटलं, "नाही. मी तुझ्या आजीच्या पोटची. तुझी आई मामीकडे रडत होती त्या दिवशी."

ती रडली नाही. म्हणाली, "मग तू खरी मावशी आहेस." पहिल्यांदा ती मला "तू" म्हणाली.

ती म्हणते आहे की नितेशला सगळं सांगणार. मी तिला सांग म्हटलेलं नाही. सांगू नको असंही म्हटलेलं नाही.

शालू


अकोला, १६ मार्च २०२५

ताई,

"भगवंत परिवार" या ग्रुपमधून तू मला काढलंस. फोनवर तसं लिहून येतं, कुणी कुणाला काढलं ते. तुझं नाव होतं.

भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, "तुम्ही माह्या पोरीचं घर बसायच्या आधीच मोडलं." मी म्हटलं, बसायच्या आधी ते घर नव्हतंच, मग मोडलं कसं. त्यांनी फोन ठेवला. मला खरंच तसं वाटलं होतं, मी त्यांना टोमणा मारत नव्हते. त्यांना सांग. किंवा नको सांगू.

आचल आता माझ्याकडे राहते आहे, ते तुला माहीतच आहे. जे झालं ते मला तिच्याकडूनच कळलं. नितेशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मले काही प्रॉब्लेम नाही, घरी बोलून पाहतो. घरी बोलला आणि नंतर त्यानं फोन उचलला नाही. साखरपुड्याचा नारळ परत आला, लग्न मोडलं. निरोप असा आला, की पोरीबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण तुम्ही खोटं बोललात.

परवा केशरबाईचा फोन आला. नंबर तिनं कुठून मिळवला कोण जाणे. मी हॅलो म्हणायच्या आधीच बोलायला लागली.

"तवाच मले माईत होतं. नांदगावच्या मानसाले का तुमचं घर माईत नाई? मी तुले इचाराले कायले आली होती? मले पाह्याचं होतं, या घरात एक तरी मानूस खरं बोलते का. तू खरं सांगतली असती ना, तं मी पोरगी आनली असती घरात. कशी बी असो. पन तुह्यासारखी खोटं बोलली, मंग बाकीच्याइचं काय धरू?"

मी म्हटलं, "मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले."

ती म्हणाली, "तेच मले भेटलं."

तेव्हापासून मी तिच्या बोलण्याचा विचार करते आहे. लोक जे म्हणतात तेच त्यांच्या मनात असतं का, हे मला कधी कळलेलं नाही. तुला कळतं. तू सांग, तिनं खरंच हे लग्न होऊ दिलं असतं का? की आचलचं ऐकून त्यांना मोडायचंच होतं आणि आमचं खोटं हे त्यांना बरं कारण सापडलं? पहिलं खरं असेल तर आचलचं नुकसान माझ्या तोंडून झालं. दुसरं खरं असेल तर केशरबाईही तुम्हा सगळ्यांसारखीच, आणि त्या खोलीत मला आवडलेलं माणूस तिथं नव्हतंच.

मागच्या रविवारी आचलला घेऊन नागपूरला गेले होते. तिथं आमच्यासारख्या मोठ्या माणसांचा एक गट महिन्यातून एकदा भेटतो. बसमध्ये मला फार आशा वाटत होती, कशाची ते आता लिहायला लाज वाटते. सगळे विशी-पंचविशीचे, इंग्रजीत बोलणारे, एकमेकांचे जुने विनोद माहीत असलेले. एक मुलगी म्हणाली, आंटी, इथं नाटक करायची गरज नाही, जशा आहात तसं बोला. म्हणून मी जसं मला बोलावंसं वाटतं तसं बोलले, तुरीच्या उगवणीबद्दल. थोड्या वेळानं समोरचा मुलगा मोबाईल पाहायला लागला. आचलला मात्र तिथं एक मैत्रीण मिळाली, दोघी कोपऱ्यात बसून चित्रं काढत होत्या, निघताना तिला हाका मारून उठवावं लागलं. परत येताना ती खिडकीशी बसून हसत होती. मला तिचं बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आपल्यासारख्यांमध्ये गेल्यावरही आपण बाहेरचेच राहू, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तुला वाटत असेल की आम्ही दोघी इथं मजेत असू, एकीसारखी एक. तसंही नाही. आचल काम करताना सारखी गुणगुणते. तिला त्यानं बरं वाटतं आणि मला ते सहन होत नाही. मी एकदा ओरडले. मग ती दिवसभर बाथरूममध्ये नळ सोडून गुणगुणत होती, मला ऐकू येऊ नये म्हणून. दाराबाहेर उभी असताना मला कडी लावणारी तू आठवलीस.

शालू


अकोला, १ जून २०२५

ताई,

तू इथं येऊन गेलीस त्याला आठवडा झाला. त्या दिवशी मला बोलता आलं नाही ते लिहिते.

एवढ्या उन्हात तू आलीस. कूलरचा आवाज मला ऐकवत नाही म्हणून मी तो बंद ठेवते, पण तुझ्यासाठी लावला, तर त्या आवाजात मला तुझं अर्धं बोलणं नीट लागत नव्हतं. तरी जे महत्त्वाचं होतं ते ऐकलं.

तू म्हणालीस, "तुले माहीत आहे, मले एकही मैत्रीण काहून नाही? बाबा म्हणत, शालूले घेऊन जा. मी जाईन तिथं तू. पोरी म्हणत, तू ये, हिले नको आणू. मंग मीही जाणं सोडलं. शाळेत तुह्यासाठी भांडली, कॉलेजात तुह्यासाठी खोटं बोलली, माह्या लग्नात पंगतीत तुह्याच बाजूनं बसली, का तू काही बोलशीन म्हणून. अन् मंग पोटची पोरगी तशीच निघाली. मी काय करू मंग? सांग ना. दोघींले कुठं कुठं झाकू?"

मी म्हटलं, "मला हे माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस."

"असं सांगा लागते का शालू?"

"मला सांगावं लागतं."

तू रडायला लागलीस आणि मी पाण्याचा ग्लास तुझ्यापुढे केला, कारण दुसरं काय करतात ते मला त्या क्षणी आठवेना. तुझ्याजवळ यायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी माझ्या मनात एकच चाललं होतं. तुझं सगळं खरं आहे. तुझ्या मैत्रिणी माझ्यामुळे गेल्या. मी ते नाकारत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं आहे, आजही. तू तेवढ्यावर थांबली असतीस तर मी त्या दिवशी तुझ्यासोबत अमरावतीला आले असते.

पण तू डोळे पुसलेस आणि परतवाड्याच्या स्थळाचं काढलंस. मुलगा शिक्षक आहे, घर मोठं आहे, नत्थुजी मध्यस्थ आहेत. "ते लोक तुले फोन करतीन. काही नाही, फक्त हो म्हणायचं. एकदा म्हटलंच आहे ना तू."

म्हणजे माझं डिसेंबरचं पत्र तू वाचलं होतंस. इतके महिने मला वाटत होतं कदाचित पोचलं नसेल.

आचल स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मम्मी, मी त्या पोराले सांगणार आहे," ती म्हणाली. तू म्हणालीस, "सांग ना. लग्न झाल्यावर सांग." ती बॅग भरायला गेली. मला वाटलं होतं ती राहील. मी विचारलं, तर म्हणाली, "मम्मी एकटी जाईल का एवढ्या उन्हात." तिचं तुझ्यावर प्रेम आहे, ताई. माझंही होतं, म्हणून मी केशरबाईला हो म्हटलं होतं.

तू जिना उतरून गेलीस. मागे थांबून आचल मला म्हणाली, "मावशी, ह्या वेळी तू हो म्हणू नको. माह्यासाठी तरी नको म्हणू." हे तिनं तुझ्यासमोर का म्हटलं नाही ते मला कळतं. तुझ्यासमोर मलाही बोलता येत नाही.

काल नत्थुजींचा फोन आला. बाबांच्या ओळखीचे आहेत, मी किती सख्खी आहे ते त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणाले, "आशाबाईनं येगळंच सांगतलं, मी चूप राहिलो. आपल्याले काय करा लागते." मुलाचे वडील पुढच्या रविवारी मला फोन करणार आहेत.

ते विचारतील, तुम्ही सख्ख्या की दत्तक? मी म्हणेन, सख्खी. ते विचारतील, मग तुमच्या बहिणीनं असं का सांगितलं? मी म्हणेन, ते तिला विचारा. मला काय आहे हे त्यांनी विचारलं तर तेही सांगेन. आचलबद्दल मी काही बोलणार नाही, तिचं ती बोलेल.

हे पत्र बुधवारपर्यंत तुला मिळेल. मधले दिवस तुझे आहेत. तू स्वतः त्यांना खरं सांगितलंस तर मला फोनवर काही सांगावंच लागणार नाही, आणि कदाचित ते लोक आचलला तरीही करून घेतील. कदाचित नाही. ते मला ओळखता येत नाही, तू ओळखू शकतेस.

यानंतर तू मला घरी बोलावणार नाहीस, हे समजायला मला कुणाचा चेहरा पाहायची गरज नाही. लोकांना हवं ते सांग. शालूचं डोकं फिरलं म्हण, तिनं पुन्हा मोडलं म्हण. माझ्याबद्दल असं काही पटायला कुणाला वेळ लागत नाही. पण मी आईबाबांची मुलगी आहे. ते मी एकदा तुझ्यासाठी सोडून दिलं होतं. पुन्हा देणार नाही.

शालू